कांचनजंगेच्या पायाशी पहिल्यांदा जाताना

25 मे 1955 रोजी जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे ब्रिटिश गिर्यारोहक कांचनजंगेच्या माथ्याखाली काही फुटांवर पोहोचले आणि तिथेच थांबले. 8586 मीटर उंचीचं, जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं हे शिखर तोवर कुणी गाठलेलं नव्हतं. पण सिक्कीमच्या चोग्यालांना, म्हणजे तिथल्या राजांना, मोहिमेने शब्द दिला होता की अगदी माथ्यावर पाऊल ठेवणार नाही. पुढच्या कितीतरी गिर्यारोहकांनी तो शब्द आपलाही मानला. आपल्या पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे दहा जण 2019 च्या मे महिन्यात या शिखरावर गेले, तेही नेपाळच्या बाजूने. सिक्कीमच्या बाजूने कांचनजंगा चढायला बंदी आहे, कारण तिथल्या लोकांसाठी हा डोंगर राज्याचा रक्षक देव आहे.

या देवाच्या पायाशी पसरलेलं रान म्हणजे कांचनजंगा राष्ट्रीय उद्यान. 1977 मध्ये ते जाहीर झालं, पुढे वाढवलं गेलं, आणि आज त्याचं क्षेत्र 1784 चौरस किलोमीटर आहे. 2016 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तीही निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर. असा मिश्र दर्जा मिळालेलं भारतातलं हे पहिलं ठिकाण. इथे जिप्सीत बसून सफारी होत नाही. आत गाडीरस्ता नाही, हॉटेल नाही, फोनला रेंज नाही. जायचं ते पायी. सह्याद्रीत चार-सहा किल्ले केलेल्या आणि हिमालयात पहिल्यांदाच जाणाऱ्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून हे लिहितो आहे.

झोंगरी की गोएचा ला, हे आधी ठरवा

उद्यानात शिरण्याच्या वाटा अनेक आहेत, पण नवख्यासाठी एकच खरी: पश्चिम सिक्कीममधल्या युकसम गावातून निघणारी. या वाटेवर दोन टप्पे आहेत. पहिला झोंगरीपर्यंत, म्हणजे साधारण 4000 मीटर उंचीच्या पठारापर्यंत. तिथून परत फिरलं तर पाच-सहा दिवसांत युकसमला येता येतं. दुसरा टप्पा झोंगरीहून पुढे थानसिंग, लामुने आणि समिती सरोवरावरून गोएचा लाच्या दिशेने जातो. त्याला आठ-नऊ दिवस लागतात. खुद्द गोएचा ला ही खिंड 4940 मीटरवर आहे, पण हल्ली ट्रेकर्सना तिच्या अलीकडच्या पहिल्या व्ह्यू पॉइंटपर्यंतच, साधारण 4600 मीटरपर्यंत सोडतात. जाहिरातीत 'गोएचा ला ट्रेक' असं छापलेलं असलं तरी खिंडीत उभं राहायला मिळेल असं गृहीत धरू नका.

माझं मत विचाराल तर उंचीचा अनुभव नसलेल्याने पहिल्या खेपेला झोंगरीच करावं आणि वाचलेले दिवस युकसमला आणि वाटेतल्या जंगलाला द्यावेत. झोंगरी टॉपवरून कांचनजंगा दिसतो, कब्रू दिसतो, पांडिम दिसतो. रेड पांडाचं जंगल तर झोंगरीच्या खालीच आहे. पुढच्या टप्प्याची ओढ मलाही कळते. समितीच्या काठावरून पांडिमची भिंत बघणं हा मोठाच अनुभव आहे. तरीही सुट्ट्या मोजून आलेला माणूस घाईने उंची गाठायला जातो आणि डोकं धरून तंबूत पडून राहतो, हे या वाटेवर सर्रास दिसतं. गोएचा लाच करायचा असेल तर ठरलेल्या कार्यक्रमात किमान एक मोकळा दिवस ठेवाच.

कधी जायचं

हंगाम दोन. मार्चअखेर ते मे, आणि ऑक्टोबर ते नोव्हेंबर. वसंतात झोंगरीच्या वाटेवरची त्सोका ते फेडांग ही चढण ऱ्होडोडेंड्रॉनने फुललेली असते: लाल, गुलाबी, पांढरा, पिवळसर, असे रंग उंचीबरोबर बदलत जातात. मात्र दुपारनंतर ढग येतात आणि शिखरं झाकतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलं नसतात, हवा मात्र स्वच्छ असते आणि सकाळी शिखरं लख्ख दिसतात. थंडीही तशीच, वरच्या मुक्कामांवर रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. पावसाळ्यात जाऊ नका. खालच्या जंगलात जळवा असतात, वाट घसरडी होते, दरडी कोसळतात आणि दिसत काहीच नाही.

परवानगी आणि माणसं

एकट्याने, स्वतःच्या जिवावर या उद्यानात जाता येत नाही. नोंदणीकृत एजन्सीमार्फत जायचं, स्थानिक गाइड बरोबर असायलाच हवा, युकसमला नोंद करायची आणि वनखात्याच्या चौकीवर शुल्क भरून आत शिरायचं. भारतीयांसाठी हे काम सोपं आहे: फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र, त्याच्या तीन-चार प्रती आणि पासपोर्ट आकाराचे फोटो. सिक्कीममध्ये वेगवेगळ्या ठिकाणी प्रती मागतात, म्हणून घरूनच जास्त घेऊन निघा. परदेशी पासपोर्ट असलेल्यांना सिक्कीममध्ये शिरायला वेगळा परवाना लागतो आणि ट्रेकसाठी आणखी एक, आणि तो एजन्सीच काढून देते. अमेरिकेहून किंवा इंग्लंडहून येणारं आपलं कुणी बरोबर असेल तर परदेशस्थ भारतीयांच्या ओसीआय कार्डावर भागेल असं समजू नका. त्यांनाही परवाना लागतो. तिकिटं काढण्याआधी ही चौकशी झालेली बरी.

एजन्सी निवडताना मी तीन प्रश्न विचारतो. गाइड कुठल्या गावचा? स्वयंपाकाला इंधन कुठलं? कुणी आजारी पडलं तर खाली आणायची काय सोय? पहिल्याचं उत्तर युकसम किंवा आसपासचं गाव असेल तर उत्तम. पैसा गावात राहतो, आणि त्या माणसाला वाटेवरचं प्रत्येक वळण माहीत असतं. इंधनासाठी गॅस किंवा रॉकेल असं ठाम उत्तर यायला हवं, कारण उद्यानात लाकूड जाळायला बंदी आहे. तिसऱ्या प्रश्नावर जो अडखळतो त्याच्याबरोबर जाऊ नका.

सामान वाहायला झो असतात, याक आणि गाय यांच्या संकरातून झालेलं जनावर. ते सांभाळणारी माणसं, स्वयंपाकी आणि गाइड बहुधा नेपाळी बोलतात. कुणाची घरची भाषा भुतिया, लेपचा किंवा लिंबू असते. हिंदी सगळ्यांना येते. वयाने मोठ्या पुरुषाला 'दाइ' आणि बाईंना 'दिदी' म्हणा.

युकसमपर्यंत

विमानाने बागडोगरा, किंवा रेल्वेने न्यू जलपायगुडी. मुंबई-पुण्याहून जाणारे बरेच जण कोलकात्याला उतरून सियालदहहून रात्रीची दार्जिलिंग मेल पकडतात. पुढे जोरथांगमार्गे युकसम, सुमारे दीडशे किलोमीटर, जीपने सहा-सात तास. हा वेळ कागदावरचा. दरड कोसळली की दिवस जातो, म्हणून परतीचं विमान युकसमहून निघण्याच्या दिवशीचं कधीच घेऊ नका. रोख पैसे सिलिगुडीतच काढून ठेवा.

एक पूर्ण दिवस युकसमला

बहुतेक कार्यक्रमांत युकसमला फक्त एक रात्र असते: संध्याकाळी पोहोचायचं, सकाळी चालायला लागायचं. ही मोठी चूक आहे. युकसमच मुळी 1780 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच. शरीराला इथे एक दिवस मिळाला तर पुढे उपयोग होतो. शिवाय आपण कुठे चाललो आहोत हे ज्याला समजून घ्यायचं आहे, त्याच्यासाठी सिक्कीममध्ये याहून योग्य गाव नाही.

सकाळी नोरबुगांगला जा. 1642 मध्ये तीन लामांनी इथे एकत्र येऊन फुन्त्सोग नामग्याल यांना सिक्कीमचा पहिला चोग्याल म्हणून अभिषेक केला. दगडी सिंहासन आजही आहे, समोर मोठा पांढरा चोर्तेन, म्हणजे स्तूप, आहे, आणि एका दगडावर लामांचं पाऊल उमटल्याचं दाखवतात. अभिषेकाला पाणी आणलं ते काथोक तलावातून, असं गावकरी सांगतात. तो तलावही चालण्याच्या अंतरावर आहे. तिथून दुबदीला चढा. 1701 मध्ये बांधलेला हा मठ सिक्कीममधल्या सर्वांत जुन्या मठांपैकी एक. गावाच्या डोक्यावरच्या टेकडीवर, दाट झाडीतून, तासाभराची चढण. उद्याच्या वाटेआधी पाय आणि दम दोन्ही तपासून बघायला ही चढण अगदी बेताची आहे.

इथल्या बौद्धांच्या मते सिक्कीम हा गुरू पद्मसंभवांनी आशीर्वाद देऊन राखून ठेवलेला गुप्त प्रदेश आहे, आणि कांचनजंगा त्याचा राखणदार. त्या डोंगरात पाच खजिने आहेत अशी श्रद्धा आहे. पांग ल्हाबसोल या सणात, पावसाळा सरता सरता, याच देवाची पूजा होते. लेपचांची श्रद्धा त्याहून जुनी: आपले पहिले पूर्वज कांचनजंगेच्या बर्फातून घडवले गेले असं ते मानतात. म्हणजे मठ आणि चोर्तेन तेवढे पवित्र आणि मधलं सगळं नुसतं जंगल, अशी विभागणी इथे नाही. सरोवर, गुहा, नदी, धार, सगळंच कुणाचं तरी ठाणं आहे. आपल्याकडे देवराईतली वाळकी फांदीही कुणी घरी नेत नाही; इथे ती देवराई पार बर्फापर्यंत गेली आहे असं समजा.

ही श्रद्धा पोथीपुरती नाही. युकसमजवळून वाहणाऱ्या राथोंग चू नदीवर जलविद्युत प्रकल्प होणार होता. ताशिडिंग मठात दरवर्षी बुमचूचा उत्सव होतो, त्यातल्या पवित्र कलशाचं नातं याच नदीच्या पाण्याशी आहे. भिक्षू आणि गावकरी विरोधात उभे राहिले, आणि 1997 मध्ये राज्य सरकारने प्रकल्प रद्द केला. ताशिडिंग युकसमहून गाडीने जवळ आहे; जाताना किंवा येताना एक सकाळ त्यासाठी काढा.

संध्याकाळी गाइडला भेटा आणि सगळं सामान त्याच्यासमोर उघडा. काय जादा आहे ते तो बरोबर सांगेल.

वाट

पहिला दिवस युकसम ते साचेन, आठेक किलोमीटर. वाट प्रेक चू नदीच्या खोऱ्याच्या कडेने, दमट जंगलातून, ओढ्यांवरचे झुलते पूल ओलांडत जाते. चढ फारसा नाही, म्हणून लोक जोरात निघतात. हळू चाला. बोलता बोलता धाप लागत असेल तर वेग जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी प्रेक चूवरचा मोठा पूल येतो, लुंगदारांनी, म्हणजे प्रार्थनेच्या पताकांनी भरलेला. तिथून बाखिमपर्यंत उभी चढण आणि पुढे त्सोका, 3000 मीटरच्या आसपास. एके काळी इथे तिबेटी निर्वासितांची वस्ती होती. छोटा मठ आणि तळं आहे.

त्सोका ते झोंगरी हा या वाटेवरचा सगळ्यांत अवघड दिवस, आणि गोएचा लाचाही तोच. लाकडी ओंडके टाकून केलेल्या पायवाटेने ऱ्होडोडेंड्रॉनमधून फेडांगला चढायचं, सुमारे 3650 मीटर, आणि तिथून आणखी चढून झोंगरी. एका दिवसात हजार मीटर उंची वाढते. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये असं डॉक्टर सांगतात. हा टप्पा तो नियम सरळ मोडतो. म्हणून त्सोकाला एक रात्र जास्त काढा, दुपारी फेडांगच्या दिशेने थोडं चढून परत या, आणि दुसऱ्या दिवशी झोंगरी गाठा. गट मोठा असेल आणि एजन्सी ऐकत नसेल, तर निदान झोंगरीला दोन रात्री राहण्यावर ठाम राहा. मधल्या दिवशी पहाटे झोंगरी टॉपला जायचं, साधारण तासभर चढ. सूर्य उगवायच्या आधी वर पोहोचलं पाहिजे, कारण आठ-नऊ वाजता ढग वर यायला लागले की शिखरं एकेक करून झाकली जातात.

पुढे जाणाऱ्यांसाठी: झोंगरीहून कोकचुरांगला नदीपर्यंत उतरायचं आणि पुन्हा थानसिंगच्या कुरणावर चढायचं. थानसिंग झोंगरीपेक्षा किंचित खाली आहे, त्यामुळे रात्री झोप बरी लागते. दुसऱ्या दिवशी लामुने, जेमतेम चार किलोमीटर, पण उंची 4200 मीटरच्या आसपास. समितीच्या काठावर मुक्काम करायला परवानगी नाही, म्हणून तंबू लामुनेलाच. पहाटे दोन-तीनला निघून, बॅटरीच्या उजेडात समितीच्या कडेने दगडधोंड्यांतून व्ह्यू पॉइंटला जायचं आणि सूर्योदय बघून त्याच दिवशी थानसिंग किंवा कोकचुरांगपर्यंत खाली यायचं. हा दिवस दहा-बारा तासांचा होतो. परतताना झोंगरीला न चढता कोकचुरांगहून आडव्या वाटेने फेडांग आणि त्सोका गाठतात.

उंची

उंचीचा त्रास वय बघत नाही, ताकद बघत नाही. सिंहगड धावत चढणाऱ्यालाही होतो. डोकेदुखी, मळमळ, भूक जाणं, झोप न लागणं ही सुरुवातीची लक्षणं. एवढंच असेल तर त्याच उंचीवर थांबा, पाणी आणि गरम सूप घ्या, पुढे चढू नका. आराम पडला तरच पुढे. मात्र बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं, छातीत घरघर, तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, यांतलं काहीही दिसलं तर त्याच घटकेला खाली उतरवायचं. रात्र असली तरी. सकाळी बघू म्हणणं जिवावर बेततं. सरळ रेषेवर टाचेला अंगठा लावून चालायला सांगा. नीट चालता येत नसेल तर चर्चा करत बसू नका.

डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही हे घरच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. सल्फा औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांनी ते आवर्जून सांगावं. रक्तदाब, हृदयविकार, दमा असेल तर आधी सविस्तर तपासणी. झोपेच्या गोळ्या आणि दारू वर नकोत; बांबूच्या नळीने प्यायची कोदोची, म्हणजे नाचणीची, तोंगबा ट्रेक संपल्यावर युकसमला. आणि त्रास लपवू नका. गटाचा खोळंबा होईल म्हणून गप्प राहणारा माणूस शेवटी सगळ्यांनाच अडचणीत आणतो. झोंगरीहून आजाऱ्याला खाली आणायचं म्हणजे पाठुंगळीवर किंवा स्ट्रेचरवर, तासन्तास.

तयारी दोन महिने आधी सुरू करा. आठवड्यातून चार दिवस तासभर भरभर चाल, दोन दिवस जिने, आणि रविवारी पाठीवर सात-आठ किलो घेऊन एखादा किल्ला. उतरण्याचा सराव जास्त करा. त्सोकाहून प्रेक चूच्या पुलापर्यंतची उतरण गुडघ्यांची खरी परीक्षा घेते.

जनावरं कुठे, कशी

उद्यानात हिमबिबट्या आहे, क्लाउडेड लेपर्ड आहे, काळं अस्वल, कस्तुरीमृग, आणि सेरो, गोरल, थार हे डोंगरी बकऱ्यांसारखे प्राणी आहेत. यांतलं बहुतेक काही दिसणार नाही, हे मनाशी मान्य करून निघालात तर जे दिसेल त्याचं मोल कळेल.

रेड पांडा हा सिक्कीमचा राज्यप्राणी. साचेन ते त्सोका आणि त्याच्या थोडं वर, जिथे ओक आणि मॅग्नोलियाच्या फांद्यांवर शेवाळ लोंबतं आणि खाली बांबूची दाटी असते, तिथे तो राहतो. पहाटे आणि संध्याकाळी हलतो, दिवसा फांदीच्या बेचक्यात झोपतो. लाल शेवाळात त्याचा लाल रंग असा मिसळतो की गाइडने बोट दाखवूनही वेळ लागतो. साचेनहून निघताना गटापासून अर्धा तास आधी, गाइडला घेऊन, न बोलता चाललात तर थोडी तरी शक्यता. पांढरेपणाकडे झुकलेले कान आणि पट्टेदार शेपटी शोधा.

फेडांग ते झोंगरीच्या पट्ट्यात ब्लड फेझंट हा राज्यपक्षी दिसण्याची शक्यता चांगली. पहाटे झुडपांखाली थव्याने चरतो आणि माणसाला फारसा बुजत नाही. मोनालचा नर उन्हात उडाला की निळा-हिरवा झळाळतो. थानसिंगच्या पुढे उतारांवर दुर्बीण फिरवत राहा; करड्या दगडांत भरल या करड्या रानमेंढ्या चरत असतात. आकाशात लॅमरगायर हे प्रचंड गिधाड पंख न हलवता धारेवरून सरकताना दिसतं. कॅमेऱ्याच्या मोठ्या लेन्सपेक्षा हलकी दुर्बीण आणा, आठ बाय बेचाळीसची पुरते.

काही गोष्टी अजिबात नकोत. स्पीकरवर गाणी, ड्रोन, पक्षी जवळ यावा म्हणून फोनवर त्याचाच आवाज वाजवणं. आणि गावातली कुत्री. ती युकसमपासून ट्रेकर्सच्या मागे चालत वर येतात, बिस्किटांवर राहतात, आणि मग तिथल्या रानातल्या जनावरांच्या मागे लागतात. ती गोड असतात, तुमच्या तंबूपाशी झोपतात, तरीही त्यांना खायला घालू नका. चौकीपाशीच गाइडला सांगून मागे पाठवा.

झो समोरून आले तर डोंगराच्या अंगाला सरका, दरीच्या कडेला कधीच उभं राहू नका. त्यांच्या पाठीवरचं सामान रुंद असतं आणि ते तुमच्यासाठी थांबत नाहीत.

देवाच्या घरात

चोर्तेन आणि मणी-भिंती, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती, उजव्या हाताला ठेवून पुढे जा, प्रदक्षिणा घालतो तसंच. त्यांच्यावर बसू नका, सॅक टेकवू नका, रचलेले दगड उचलू नका. लुंगदार ओलांडायचे नसतात. खाली लोंबत असतील तर वाकून जा. मठात बूट आणि टोपी काढून शिरा, आतले फोटो विचारूनच काढा.

समिती सरोवर पवित्र आहे. त्यात हात-पाय धुऊ नका, दगड भिरकावू नका, नाणी टाकू नका. हेच पाणी पुढे प्रेक चू होऊन खाली गावांपर्यंत जातं. शौचासाठी मुक्कामावरचे संडास वापरा. नसतील तिथे कुठल्याही पाण्यापासून किमान सत्तर पावलं दूर, खड्डा करून. सॅनिटरी पॅड आणि ओले टिश्यू पिशवीत बांधून खाली आणायचे. कचरा किंवा उरलेलं मांस जाळू नका. त्या धुराने डोंगरातले देव कोपतात असं जुनी माणसं मानतात, आणि गाइडला ते तोंडावर सांगायला संकोच वाटतो.

झोंगरीवरची सुगंधी, बुटकी झुडपं धूप म्हणून देवापुढे जळतात. हुंगा, फोटो काढा, फांदी तोडू नका. राष्ट्रीय उद्यानातून पान, दगड, पीस काहीही आणणं हा कायद्याने गुन्हा आहे.

सॅकमध्ये

लांबलचक यादी एजन्सी देईलच. तिच्यात नसलेलं तेवढं सांगतो. दोन बाटल्या स्वतःच्या हव्यातच, कारण सिक्कीममध्ये बाटलीबंद पाण्यावर जानेवारी 2022 पासून बंदी आहे. वाटेवर उकळलेलं पाणी मिळतं, शिवाय क्लोरीनच्या गोळ्या ठेवा. बूट किमान महिनाभर वापरलेले असावेत. फोन आणि पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, थंडीत बॅटरी उतरते. खायला गूळ-दाणे, राजगिऱ्याच्या वड्या, सुकं खोबरं आणा, पण वेष्टनं घरीच काढून डब्यात भरा. मेतकूट मात्र आणाच. उंचीवर जेवण जात नाही तेव्हा मऊ भात, मेतकूट आणि थोडं तूप पोटात टिकतं, आणि भात तर रोज असतोच.

परत आल्यावर

युकसममध्ये 1996 पासून कांचनजंगा कॉन्झर्वेशन कमिटी ही गावकऱ्यांची संस्था काम करते. आत जाताना कचरा होऊ शकेल अशा सामानाची यादी द्यायची आणि परतताना तो कचरा दाखवायचा, ही पद्धत तिथे त्यांनीच रुजवली. तुमची पिशवी स्वयंपाक्याच्या पोत्यात ढकलून मोकळे होऊ नका. चौकीपर्यंत स्वतः आणा आणि स्वतः दाखवा.

बक्षिसी सगळ्यांनी मिळून काढा, पण वेगवेगळ्या पाकिटांत, आणि प्रत्येकाच्या हातात द्या. झो सांभाळणारा माणूस सामान उतरवून लगेच घराकडे वळतो आणि बऱ्याचदा राहून जातो. त्याचं पाकीट आधी द्या. खालच्या गावांकडे जाणाऱ्या शेअर जीप युकसमहून सकाळी लवकर सुटतात आणि जागा आदल्या संध्याकाळीच भरतात. म्हणून परतल्यावर आंघोळीच्या आधी बाजारात जाऊन दुसऱ्या दिवशीच्या जागा सांगून या.